भांडवल : निरंक

फॉर्ममधला सातवा रकाना : गुंतवलेलं भांडवल.
मी शून्य टाकलं.
बाबा खुर्ची ओढून पाठीमागे बसलेत,
चष्मा कपाळावर, म्हणजे वाचत नाहीयेत.
‘निरंक लिही,’ म्हणाले, ‘शून्य बरं दिसत नाही.’

दुकानाचं भाडं? नाही.
पगडी? नाही.
माल उधारीवर? मालच नाही, बाबा.
मग गिऱ्हाईक येतं कशाला?

मालवा मिलच्या चौराह्यावर
चाळीस वर्षं फळी होती यांची,
वर पत्र्यावर निळ्या अक्षरांत : मुळ्ये स्टोव्ह-कुकर.
आधी मिलचा भोंगा गेला, मग स्टोव्ह गेले,
मग रस्ता रुंद करायला आले त्यांनी फळी नेली.
बाई कुकर घेऊन यायची.
हे झाकण उजेडाकडे धरायचे,
नळीतला डाळीचा दाणा सुईनं उडवायचे
आणि म्हणायचे, जा, काही झालं नाहीये.
पैसे? कशाचे? सुई माझी, दाणा तुमचा.
आई यावर जन्मभर रुसून होती.

सांवेर रोडची पॅकिंगची नोकरी सुटली
त्या महिन्यात मी ते सगळं लिहायला घेतलं,
कोपऱ्यात काच फुटलेल्या फोनवर,
त्यात ‘ळ’ दोनदा दाबावा लागतो.
नेट वरच्या शुक्लांचं,
जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंतच उतरायचं,
म्हणून तिसरी पायरी.
शिट्टी होत नसेल तर आधी काय बघावं.
गास्केट सैल पडलं तर रात्रभर फ्रीजमध्ये.
वाफ बाजूने फुसफुसते ती का, आणि घाबरायचं केव्हा.
बाबा आतून ओरडून सांगायचे,
मी अंधारात डास मारत लिहायचे.

अकोल्याच्या एका बाईंनी कळवलं :
वडिलांना सांगा, आज वरण शिजलं.
हे त्यांनी मला तीनदा वाचायला लावलं.
बाकी आठ महिने काही नाही.
नवव्यात एक पाकीट आलं,
आत फक्त सहा आकडे, पत्ता खरा आहे का बघायला.
पोस्टमन म्हणाला, ‘बाहर का है क्या, भिया?’
बाबांनी ते वीजबिलांच्या फायलीत लावलं,
सगळ्यात वर.

आणि परवा, आठ हजार एकशे सेहेचाळीस.
त्यातून यांच्या कानाच्या मशीनचे सेल आणले,
फ्रीजचा अडकलेला हप्ता भरला,
आणि हा फॉर्म, उद्योग म्हणून नोंदवायचा.

‘दाखव तरी, येतात कुठून.’
मी दाखवलं.
त्यांचंच वाक्य, जसंच्या तसं :
जा, काही झालं नाहीये.
आणि बरोबर त्याच्याखाली, चकचकीत,
नवाकोरा तीन लिटरचा कुकर, वीस टक्के सूट.
चष्मा खाली आला.
‘हा कुणाचा?’
कंपनीचा. कुणी त्यावर बोट ठेवलं
की आपल्याला थोडे मिळतात.
‘म्हणजे मी म्हणायचं काही झालं नाहीये
आणि तू खाली नवा विकायचा.’
मी नाही विकत, बाबा.
‘फळी तर तुझी आहे ना.’

मला काही सुचेना.
रकान्याला निरंक चालेना, त्याला आकडाच हवा.
शून्यापुढे काडी लुकलुकत राहिली.
किती लिहू? सुईची किंमत?
आईचा अबोला वर्षाला किती धरायचा?

तेवढ्यात वर शुक्लांकडे कुकर चढला असावा.
शिट्टी नाही, नुसती लांब फुस्स.
बाबांनी मान तिरकी केली, मशीन नीट बसवलं.
‘गास्केट गेलंय त्यांचं.’
लिहून ठेवू?
ते दारात चपला शोधत होते.
‘तू तुझं लिही,’ म्हणाले,
‘मी सांगून येतो.’